रेडियसच्या लॉगमधलं अनोळखी नाव म्हणजे हॅक नव्हे

मुंबईतल्या केबल-इंटरनेटवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'रेडियसच्या लॉगमध्ये ग्राहकांच्या यादीत नसलेलं नाव दिसलं, की नॅस हॅक झालाय समजा. लगेच शेअर्ड सीक्रेट बदला.' रेडियस म्हणजे ग्राहकाचं नाव-पासवर्ड सर्व्हरकडून तपासून घ्यायची पद्धत, नॅस म्हणजे ग्राहकाला नेटवर घेताना त्या सर्व्हरला विचारणारं उपकरण, आणि शेअर्ड सीक्रेट म्हणजे या दोघांमधला सामाईक गुप्त शब्द. पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे, पण सल्ला चुकीचा आहे आणि त्याने ग्राहकांचं नेट बंद पडतं.

आधी 'हॅक झालाय' हे. ज्या क्लायंटचं, म्हणजे विचारणाऱ्या उपकरणाचं, सीक्रेट सर्व्हरकडे नाही, त्याची रिक्वेस्ट उत्तर न देता टाकून द्यायची, असं रेडियसचं मानक, आरएफसी २८६५, सांगतं. म्हणजे लॉगमध्ये रिजेक्ट (नकार) गेलेला दिसतोय, तर विचारणारा बहुधा तुमचाच नॅस. तो का विचारतोय, हे नावाखालच्या माहितीच्या ओळींमध्ये, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूटमध्ये लिहिलेलं असतं. सिस्कोच्या स्विचवरून सर्व्हिस-टाइप १०, कॉल-चेक, आणि नावाच्या जागी उपकरणाचा हार्डवेअर क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस? पोर्टवरच्या प्रिंटरला किंवा कॅमेऱ्याला ८०२.१एक्स, म्हणजे पोर्टवर स्वतःची ओळख पटवायची पद्धत, येत नाही, म्हणून स्विचने त्याचा मॅकच पुढे केलाय. सर्व्हिस-टाइप ५, नावाच्या जागी डोमेन, पासवर्ड 'सिस्को'? राउटर टनेलची, म्हणजे दुसऱ्या नेटवर्ककडे जाणाऱ्या आभासी वाटेची, माहिती मागतोय. ठरावीक मिनिटांनी तेच एक नाव येतंय? सर्व्हर जिवंत आहे का, याची ती चाचणी. नॅसच्या कॉन्फिगमध्ये ते नाव सापडेल.

आता 'सीक्रेट बदला'. गेल्या पावसाळ्यात लालबागला वीज जाऊन आली आणि सगळे राउटर एकदम पीपीपीओईवर, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन नेटला जोडायच्या पद्धतीवर, आले. सर्व्हर मंदावला. उत्तर येईना म्हणून नॅसने त्याच रिक्वेस्ट पुन्हा पाठवल्या. आमच्यातल्या एकाला तो हल्ला वाटला, त्याने सर्व्हरवर सीक्रेट बदललं, नॅसवर राहून गेलं. पॅप या साध्या लॉगिन-पद्धतीतला पासवर्ड त्याच सीक्रेटने झाकलेला असतो, त्यामुळे सर्व्हरला नुसता कचरा दिसला आणि त्याने रिजेक्ट पाठवला. नॅसला त्या उत्तराची सीक्रेटवरून बनणारी खूण जुळेना, त्याने ते फेकलं आणि पुन्हा विचारलं. लॉग आणखी भरला. पहाटेपर्यंत फोन वाजत होते, आणि दोष ग्राहकांचा नव्हता.

धोका नाहीच, असं मी म्हणत नाही. २०२४ मध्ये उघड झालेल्या ब्लास्ट-रेडियस या रेडियसमधल्या त्रुटीत नॅस आणि सर्व्हरच्या वाटेत बसलेला माणूस रिजेक्टचा अ‍ॅक्सेप्ट करू शकतो, पण त्यात सीक्रेट फुटत नाही, म्हणून ते बदलून उपयोगही नाही. दोन्ही बाजूंना अपडेट टाका, मेसेज-ऑथेंटिकेटर (निरोपात फेरफार झाला नाही हे दाखवणारी खूण) सक्तीचा करा. आणि 'अ‍ॅडमिन', 'रूट' अशी नावं धडाधड येत असतील, कॉलिंग-स्टेशन-आयडीत, म्हणजे लॉगिन कुठून आलं त्या नोंदीत, बाहेरचे आयपी असतील, तर कोणीतरी नॅसच्या लॉगिनवर पासवर्ड चालवून बघतंय. तिथे एसएसएच आणि टेलनेट, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या वाटा, इंटरनेटवरून बंद करा, आजच.