मेसेजमध्ये थोबाडीत राहते, स्कूटर गळते

ऑलिंपिक जवळ आलं की एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा: आचरेकर सरांनी थोबाडीत मारली म्हणून सचिन घडला, बॅडमिंटन कोच गोपीचंदने फोन काढून घेतला म्हणून सिंधूला पदक मिळालं. हल्लीचे कोच लाड करतात, म्हणून खेळाडू ऐन वेळी कच खातात. तेव्हा पालकांनो, कोचला प्रश्न विचारू नका.

थोबाडीत बसली होती, हे खरंच. खुद्द सचिनच सांगतो. स्वतःची मॅच सोडून तो वानखेडेवर शाळेच्या टीमसाठी टाळ्या वाजवायला गेला, सरांनी तिथंच गाठलं आणि हातातला डबा उडाला. पण २०१३ च्या निरोपाच्या भाषणात त्याने आठवण काढली ती सरांच्या स्कूटरची. अर्धी मॅच शिवाजी पार्कला, उरलेली आझाद मैदानावर. पोराला मॅच प्रॅक्टिस मिळावी म्हणून सर त्याला मागे बसवून मुंबईभर फिरायचे. नेटमध्ये स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे, आउट झाला नाही तर नाणं त्याचं. हे रोजचं काम होतं. आणि मार खाल्लेली पोरं त्या काळी मैदानांवर काही कमी नव्हती. ती सगळी कुठे गेली?

फोनचंही खरं आहे. रिओ ऑलिंपिकआधी तीन महिने सिंधूकडे फोन नव्हता, शेवटी शेवटी तर गोड दही आणि आइस्क्रीमही बंद होतं. पण फायनल संपल्यावर बंदी उठल्याचं गोपीचंद यांनीच सांगून टाकलं. आणि त्यांचीच शिष्या सायना २०१४ मध्ये बंगळुरूला दुसरे कोच विमल कुमार यांच्याकडे गेली, २०१५ मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर पोचली. २०१७ मध्ये ती परत आली तेव्हा गोपीचंद यांनी दार लावून घेतलं नाही. मेसेजवाल्यांना हा मोठेपणा दिसत नाही, फोन तेवढा दिसतो.

‘लाड’ म्हणताना रोख बहुतेकदा अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिच्यावर असतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये टीम फायनलला व्हॉल्टवरून उडी घेताना अडीच गिरक्यांऐवजी तिची दीडच झाली. हवेत आपण कुठे आहोत याचं भानच सुटलं होतं, आणि अशा वेळी मान मोडू शकते. सेसिल आणि लॉरां लांदी या कोच जोडप्याने तिला पुढे रेटलं नाही. आठवड्याने ती बीमवर, म्हणजे अरुंद पट्टीवरच्या कसरतीला, आली ती शेवटची उडी बदलून: कोलांट्या दोन, गिरकी एकही नाही. कांस्य मिळालं. याला लाड म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पॅरिसला याच कोचांबरोबर तिने तीन सुवर्णं आणि एक रौप्य घेतलं.

प्रश्न विचारू नका, हा सल्ला मात्र घातक आहे. अमेरिकेची धावपटू मेरी केन २०१३ मध्ये, १७ व्या वर्षी, जागतिक स्पर्धेत १५०० मीटरची फायनल धावली. कोच होते अल्बर्टो सालाझार, ब्रिटनचा धावपटू मो फराहला ऑलिंपिक सुवर्णापर्यंत नेणारे. अशा माणसाला कोण विचारणार? २०१९ मध्ये मेरीने जाहीर सांगितलं की सालाझार यांच्याकडे सगळ्यांसमोर वजन केलं जायचं, तीन वर्षं तिची पाळी बंद होती आणि पाच हाडं मोडली. २०२१ मध्ये गैरवर्तनावरून त्यांच्यावर कायमची बंदी आली.

तुमच्या मुलीच्या अकॅडमीत दर आठवड्याला वजन होत असेल तर जरूर विचारा: कशासाठी करता, आकडे कोणता डॉक्टर बघतो, आणि पाळी चुकली तर तिने कुणाला सांगायचं?