सोडा आणि व्हिनेगर: फेस फार, काम थोडं

"एक वाटी खाण्याचा सोडा, एक वाटी व्हिनेगर. एकत्र करा आणि कमाल बघा!" हा निरोप मला आतापर्यंत चार ग्रुपांवर आलाय. त्यातले दावे थोडक्यात असे: या मिश्रणाने तुंबलेलं सिंक मोकळं होतं, नळावरचे पांढरे डाग जातात, करपलेलं भांडं लखलखतं, फरशी चमकते आणि जंतूही मरतात. उरलेलं मिश्रण बाटलीत भरून महिनाभर वापरावं. आणि डाग फारच हट्टी असेल, तर त्यात झाकणभर ब्लीच घालावं, म्हणजे ताकद दुप्पट. ही शेवटची ओळ नसती, तर मी हसून सोडून दिलं असतं.

आधी त्या वाटीचा हिशोब करू. साध्या व्हिनेगरमध्ये अॅसेटिक आम्ल साधारण ५ टक्के असतं, बाकी बहुतेक पाणीच. म्हणजे २०० मिलीच्या वाटीत आम्ल जेमतेम १० ग्रॅम. एवढं आम्ल १४ ग्रॅम सोड्याशी भिडतं आणि संपतं. १४ ग्रॅम म्हणजे सपाट तीन चमचे. वाटीभर सोडा भरतो दीडशे ग्रॅमच्या वर. तेव्हा फेस बसल्यावर भांड्यात उरतं काय? व्हिनेगरचा मागमूस नाही, सोडा बहुतेक जसाच्या तसा, आणि सोडियम अॅसिटेट विरघळलेलं पाणी. सोडियम अॅसिटेट हा तसा गुणी पदार्थ आहे, चकती दाबली की गरम होणाऱ्या शेकपिशव्यांत तोच असतो. पण साफसफाईत त्याचा उपयोग शून्य. सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्लधर्मी. दोघांचं काम याच स्वभावामुळे होतं आणि एकत्र आले की दोघंही तोच स्वभाव घालवून बसतात.

मग "मी करून बघितलं, भांडं खरंच निघालं" असं म्हणणारे खोटं बोलतात का? अजिबात नाही. भांडं निघतं ते उरलेल्या सोड्याच्या बारीक खरखरीने आणि तुमच्या मनगटाने. करपलेल्या भांड्यात पाणी आणि दोन चमचे सोडा घालून दहा मिनिटं उकळलं, तर तेच काम व्हिनेगरचा थेंब न वापरता होतं. फक्त भांडं अॅल्युमिनियमचं नको, ते काळं पडतं.

सिंकच्या दाव्यावर मी स्वतः फसलोय. पाणी उतरेना, म्हणून तीन वेळा सोडा-व्हिनेगर ओतलं. प्रत्येक वेळी फसफस छान झाली, बुडबुडे वर आले, आतून गुडगुड आवाज आला आणि पाणी होतं तिथेच राहिलं. शेवटी खाली बादली ठेवली आणि ट्रॅप, म्हणजे सिंकखाली बाटलीसारखा लटकलेला भाग, हाताने फिरवून काढला. आत राखाडी चिकट गोळा, त्यात केसांचं वेटोळं, आणि मधोमध टूथपेस्टचं झाकण. त्या झाकणाला कुठला फेस हलवणार होता? वायू नेहमी मोकळ्या बाजूला पळतो आणि सिंकची मोकळी बाजू म्हणजे वरचं तोंड. अडथळ्यावर दाब बसतच नाही. केसांना सोडा विरघळवत नाही. चरबीचा साबण करायला लागतो दाहक सोडा, खाण्याचा सोडा त्यामानाने फारच सौम्य. नुसता तेलकटपणा साठला असेल तर भांड्यांचा साबण आणि कढत पाणी बरं. उकळतं मात्र ओतू नका, पीव्हीसीचा पाइप मऊ पडतो. त्यानेही भागलं नाही तर रबरी पंप, आणि नंतर ट्रॅप उघडणं. पाच मिनिटांचं काम आहे, फक्त घाण वाटते.

फरशी चमकण्याचं एका वाक्यात: फरशी संगमरवरी असेल तर व्हिनेगर तिला खातं, आणि गेलेली चकाकी पुसून परत येत नाही. जंतूंचंही फार ताणायला नको. नुसतं व्हिनेगरच भरवशाचं जंतुनाशक नाही, तर सोड्याने मारलेलं व्हिनेगर काय जंतू मारणार?

बाटलीत भरून ठेवण्याचा सल्ला ज्याने दिला त्याने तो स्वतः पाळलेला दिसत नाही. वर सांगितलेल्या एका वाटी व्हिनेगरमधून जवळपास ४ लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. फेस उठत असताना झाकण घट्ट लावलं, तर बाटली फुगते, झाकण उडतं, काचेची असेल तर फुटते. आणि पूर्ण निवल्यावर भरलं, तर महिनाभर जपलं काय? खारट पाणी.

आता ब्लीच. घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ला, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत जर्मन सैन्याने खंदकांवर सोडला होता तोच. दोन वाट्यांच्या मिश्रणात व्हिनेगर आधीच मेलेलं असतं म्हणून कुणी वाचतही असेल. पण प्रमाण डोळ्यांनी घेणाऱ्या घरात व्हिनेगर जास्त पडायला किती वेळ लागतो? टॉयलेट क्लीनरमध्ये तर बहुधा हायड्रोक्लोरिक आम्लच असतं, त्यात ब्लीच म्हणजे आणखी वाईट. अमोनिया असलेल्या काच-क्लीनरमध्ये ब्लीच मिसळलं तर क्लोरामाइनचा विषारी धूर निघतो. क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड, म्हणजे बाथरूममध्ये खाली बसून फरशी घासणाऱ्याच्या नाकाशी तो आधी जमतो. घसा जळजळला, डोळ्यांतून पाणी आलं, तर साफसफाई तशीच टाकून बाहेर मोकळ्या हवेत जायचं. श्वास लागत असेल तर थेट दवाखाना. ब्लीच वापरायचंच तर फक्त साध्या पाण्यात.

हे सगळं मी निरोप पाठवणाऱ्या मावशीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग व्हिनेगरची अख्खी बाटली आणलीय, तिचं काय करू?" नळावरचे डाग काढ, म्हटलं. ते पांढरे डाग बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे, त्यांना आम्लच हवं. चिंधी व्हिनेगरमध्ये भिजवायची, नळाच्या तोंडाला गुंडाळून रबर लावायचं, अर्ध्या तासाने जुन्या ब्रशने घासून पाण्याने धुवायचं. रात्रभर ठेवायचं नाही, नळाचा मुलामा जातो. सोडा डब्यातच राहू दे.