केमो झालेल्या आईचं दूध कायमचं विषारी होत नाही

एक मेसेज फिरतोय: ‘केमोथेरपी झालेल्या बाईनं बाळाला कधीच अंगावर पाजू नये. विष दुधात कायम राहतं, बाळाला कॅन्सर लागतो, आईचाही उलटतो. पाजायचंच असेल तर आधी 24 तास दूध काढून फेका.’ नुकतंच बाळंतपण झालेल्या बाईला असलं काही पाठवणं मला क्रूर वाटतं.

विष कायम राहतं? नाही. केमो चालू असताना पाजायचं नाही, हे मात्र अगदी खरं. सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचं एक औषध दुधात उतरतं. ते घेणाऱ्या आईचं दूध प्यायलेल्या बाळाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्याच्या नोंदी आहेत. पण औषध हळूहळू शरीराबाहेर जातं. सायक्लोफॉस्फामाइड किंवा डोसिटॅक्सेलच्या शेवटच्या डोसनंतर निदान 1 आठवडा थांबायला सांगतात. केमो संपून काही वर्षांनी बाळ झालं, तर त्या जुन्या केमोपायी सहसा पाजणं अडत नाही.

अडतं ते केमोनंतर चालणाऱ्या औषधांपायी, आणि मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखच नाही. टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कॅन्सरवरच्या, हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर 3 महिने पाजायचं नसतं. त्याच कॅन्सरवरच्या ट्रॅस्टुझुमॅब या औषधाच्या शेवटच्या इंजेक्शननंतर तर 7 महिने. ‘केमो संपली ना, मग पाज’ असं सांगणारेही म्हणूनच चुकतात.

24 तास दूध काढून फेकल्यानं औषध लवकर जात नाही. रक्तात औषध आहे तोवर नव्यानं भरणाऱ्या दुधात ते येणारच. काढत राहिल्यानं दूध आटत नाही, छाती दगडासारखी होत नाही, इतकाच त्याचा उपयोग.

अंगावर पाजल्यानं आईचा कॅन्सर बाळाला लागत नाही.

आईचा कॅन्सर उलटतो, ही भीती मात्र गंभीरपणे घ्यायला हवी. ‘पॉझिटिव्ह’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात स्तनाच्या कॅन्सरनंतर हार्मोन रोखणारी गोळी काही काळ थांबवून बायका गरोदर राहिल्या. बाळ झालेल्या 317 जणींपैकी 196 जणींनी अंगावर पाजलं. पहिल्या 2 वर्षांत पाजणाऱ्या आणि न पाजणाऱ्या, दोघींमध्ये कॅन्सर उलटण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं.

रेडिएशन झालेल्या बाजूला दूध बहुधा कमीच येतं, कधी येतही नाही. एका बाजूवरही बाळाचं पोट भरू शकतं. वजन वाढत नसेल तर वरचं दूध द्यावं, त्यात आईचा काही दोष नाही.

डॉक्टरांकडे जाताना केमोच्या औषधांची नावं, शेवटच्या डोसची तारीख आणि सध्याच्या गोळ्या लिहून न्या. कॅन्सरचे डॉक्टर आणि बाळाचे डॉक्टर, दोघांनाही तो कागद दाखवा.