‘रॉकच्या नावाखाली कीर्तन’ या अभिप्रायाला मालकाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय काल रात्री गल्ला मोजता मोजता वाचला. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. शनिवारी तुम्ही आमच्याकडे रॉक ऐकायला आलात. चौथ्या गाण्याआधी गायक वारलेल्या वडिलांबद्दल ‘सात मिनिटं’ बोलला, त्याचा आवाज कापला, मग त्याने सगळ्यांना मोबाईलचे टॉर्च लावायला सांगितले. तुमच्या मते हे रॉकच्या नावाखाली कीर्तन झालं. बालगंधर्वांनी मुलगी गेली त्याच दिवशी ‘मानापमान’चा प्रयोग केला, या पोरांनी त्यांच्याकडून शिकावं, असंही तुम्ही लिहिलंय. शिवाय गाण्याचे शब्द कळले नाहीत आणि फ्राइज गार होते.

फ्राइजचं मान्य. बिल दाखवा, पैसे परत मिळतील.

शब्द न कळण्याचं कारण तुमचं टेबल. खांबाशेजारी बसलं की गिटारचा अँप, म्हणजे तिचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका, थेट कानावर येतो आणि गायकाचा आवाज मात्र स्पीकरमधून वळसा घालून पोचतो. त्यात गिटारवाल्याने साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीला, आवाज बेताचा ठेवला आणि हॉल भरल्यावर हळूच वाढवला. सगळेच वाढवतात. कॉलेजात असताना मीही वाढवायचो. ते टेबल आता हलवलंय.

आता मुद्द्याचं. सात मिनिटं नव्हती, पावणेपाच होती. आमच्या साउंडवाल्याकडे रेकॉर्डिंग आहे. पण पावणेपाच मिनिटं तुम्हाला सातसारखी वाटली असतील, तर तो दोष ऐकणाऱ्याचा नाही. काही अंशी गायकाचा आहे आणि बराचसा माझा. माझा कसा, ते सांगतो.

गायकाचे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. मुलाचा बँड त्यांनी कधी ऐकला नाही. पण पोरगा रात्री दीड वाजता कार्यक्रम करून आला की ते खाली उतरायचे आणि दोघं मिळून बावीस किलोचा अँप तिसऱ्या मजल्यावर न्यायचे. जिन्यात एक शब्द नाही, शेजारी उठतील म्हणून. एवढं तुम्ही ऐकलंत. त्यानंतरचं वाक्य होतं, ‘आता अँप गाडीतच राहतो.’ नेमकं त्याच वेळी आमच्या बारमधल्या पोराने ब्लेंडरमध्ये बर्फ फोडायला घेतला. रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट येतं: ‘आता अँप...’ आणि पुढे घर्रर्र. ज्या वाक्यासाठी सगळं बोलणं होतं तेच तुमच्यापर्यंत पोचलं नाही, पोचला तो फक्त कापरा आवाज. तसं ऐकलं तर मलाही ते रडगाणंच वाटलं असतं.

बालगंधर्वांची गोष्ट खरी आहे, १२ मार्च १९११ची. आमच्या आजीने ती आम्हाला इतक्या वेळा ऐकवलीय की घरात कुणी तापाने फणफणलं तरी शाळा चुकवायची सोय नव्हती. पण बालगंधर्व त्या रात्री नाटकाची नायिका भामिनी होते. शालू, दागिने, रंग, आणि लिहून दिलेली वाक्यं, या सगळ्याच्या आत नारायण श्रीपाद राजहंस या माणसाला आपलं दुःख ठेवायला जागा होती. आमचा गायक स्वतःच्या नावाने, घरून घालून आलेल्या टी-शर्टात उभा राहतो. त्याने कुठे लपायचं? ज्यांना मुखवटा हवा असतो ते ‘किस’ या अमेरिकन बँडसारखे तोंड रंगवतात, आणि तेही रॉकच असतं.

तशाच प्रसंगाचं रॉकमधलं उदाहरण देतो. २१ ऑगस्ट २००१ रोजी ‘यू टू’ या आयरिश बँडचा गायक बोनो याचे वडील डब्लिनमध्ये वारले. त्याच रात्री लंडनच्या अर्ल्स कोर्टात बँडचा कार्यक्रम ठरलेला होता आणि तो झाला. चार दिवसांनी आयर्लंडमध्ये स्लेन कॅसलच्या मैदानात हजारो लोकांसमोर बोनो वडिलांबद्दल बोलला आणि गायला. कार्यक्रम न चुकवण्याची शिस्त बालगंधर्वांचीच. फक्त इथे गायक प्रेक्षकांशी त्याबद्दल बोलला.

कीर्तन हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरलात म्हणून राहवत नाही. चांगला कीर्तनकार निरूपण कितीही लांबवो, त्याला पुन्हा अभंगावर यायचंच असतं, आणि तो आला की मागचे टाळकरी तयार असतात. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन नेमकं हेच करायचा. ३० सप्टेंबर १९८५, लॉस एंजेलिसचं कॉलिझियम. पुढच्या वर्षी निघालेल्या त्याच्या लाइव्ह संचात हे ध्वनिमुद्रण आहे. मागे बँड अगदी हळू वाजतोय आणि हा वडिलांशी झालेल्या भांडणांबद्दल बोलतोय. लांब केसांवरून वाद व्हायचे. वडील म्हणायचे, तुला सैन्यात नेऊ दे, मग माणूस होशील. व्हिएतनामचे दिवस. याला तपासणीला बोलावतात आणि नापास करतात. तो घरी येतो, वडील विचारतात काय झालं, हा सांगतो की घेतलं नाही. वडील म्हणतात, बरं झालं. बास. पुढे हार्मोनिका आणि ‘द रिव्हर’. त्या स्टेडियममध्ये कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं असेल तर ते स्प्रिंगस्टीन रडला म्हणून नव्हे. वडिलांनी दोन शब्दांत जे सांगितलं त्यात त्याने स्वतःची एकही भर घातली नाही म्हणून.

इथे माझं आणि तुमचं थोडं जुळतं. भावना खरी आहे एवढ्यावर स्टेजवर काही चालत नाही. त्याच ‘यू टू’ने १९९२-९३च्या ‘झू टीव्ही’ दौऱ्यात आपल्या जुन्या गंभीरपणाची स्वतःच खिल्ली उडवली होती, स्टेजभर टीव्हीचे पडदे, बोनो चमड्याच्या कपड्यांत काळा गॉगल लावून. मग १९९३च्या उन्हाळ्यात त्यांनी त्याच पडद्यांवर बोस्नियाच्या युद्धात वेढल्या गेलेल्या साराजेव्हो शहरातल्या माणसांना उपग्रहावरून थेट बोलायला लावलं. हेतू प्रामाणिक होता. लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममधल्या कार्यक्रमात साराजेव्होतल्या एका बाईने सुनावलं की तुम्ही आता तुमच्या कार्यक्रमाकडे परत जाल आणि आम्हाला विसराल. बरोबर होतं तिचं. त्यानंतर कुठलं गाणं वाजवायचं? ज्या दुःखाला तुमचं वादन पुरं पडणार नाही ते स्टेजवर आणू नये, असं मी त्यातून शिकलो.

अँपचं दुःख मात्र गिटारला पुरं पडलं. त्या बोलण्यानंतरच्या गाण्यात सोलो नेहमी मोठा असतो. शनिवारी गिटारवाल्याने चार सूर वाजवले आणि थांबला, ड्रमरने काठ्या ठेवून ब्रश घेतले. मी काउंटरमागे होतो, बिलं करायची थांबलो. तुम्ही तोवर पार्किंगमध्ये पोचला होतात, असं तुमच्याच अभिप्रायावरून दिसतं.

टॉर्चचं म्हणाल तर मी शंभर टक्के तुमच्या बाजूने. लोकांनी आपणहून लावले तर गोष्ट वेगळी. ‘सगळ्यांनी टॉर्च लावा’ म्हटलं की शाळेच्या स्नेहसंमेलनात टाळ्या वाजवा म्हणणाऱ्या सरांची आठवण येते. मी गायकाला तसं रविवारी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ‘काका, बोलून झाल्यावर पुढे काय करायचं सुचलं नाही.’ मी म्हटलं, गाणं सुरू करायचं.

पुढच्या महिन्यात हाच बँड परत आहे. वडिलांबद्दल बोलू नको असं मी त्याला सांगणार नाही, तो किती मिनिटं बोलेल याचीही हमी देत नाही. यायचं असेल तर काउंटरवर या अभिप्रायाचा उल्लेख करा, तिकीट माझ्याकडून. बर्फ सात वाजताच फोडून ठेवू.