मावशीच्या खांद्यातली ‘गाठ’ हाड निघाली

‘खांदेदुखी 7 दिवसांत गायब! कॉलरबोनच्या बाहेरच्या टोकापासून जरा आत, दोन बोटं खाली एक कडक गाठ लागते. तीच सगळ्या दुखण्याचं मूळ. अंगठ्याने रोज 15 मिनिटं दाबून ती फोडा. जितकं जास्त दुखेल तितका लवकर गुण. साचलेलं लॅक्टिक ॲसिड निघून जातं. फ्रोजन शोल्डर असो, डावा खांदा असो वा उजवा, सगळ्यावर एकच मालीश.’

हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. माझ्याकडे तीन ग्रुपांवरून आला, तिन्ही वेळा मी तो न वाचता सोडून दिला. तेवढ्यात तो मावशीपर्यंत पोचला. मावशी 58 वर्षांची, मधुमेही, चार महिन्यांपासून उजवा हात वर जात नाही. काकांनी इमानेइतबारे सहा दिवस ती गाठ फोडली. सातव्या दिवशी मी भेटायला गेले तर खांद्यापुढे रुपयाएवढा काळानिळा डाग. आणि वर तीच मला समजावतेय, ‘‘अगं, दुखतंय म्हणजे लागू पडतंय.’’

आधी ही गाठ बघू. आत्ता स्वतःच्या खांद्यावर सांगितलेल्या जागी बोट ठेवून दाबा. लागलं ना काहीतरी कडक? दुखलंही असेल. दुसऱ्या बाजूला दाबा, तिथेही आहे. ज्याचा खांदा आयुष्यात कधी दुखला नाही त्यालाही आहे. ते खांद्याच्या फऱ्याचं पुढे आलेलं टोक आहे, नाव कोरॅकॉइड. ग्रीकमध्ये कावळ्याला जो शब्द आहे त्यावरून ते पडलं, कारण आकार चोचीसारखा. तिथे स्नायू आणि अस्थिबंध येऊन चिकटतात, त्यामुळे चांगल्या माणसालाही ती जागा दाबल्यावर दुखते आणि फ्रोजन शोल्डर असलेल्याला जास्तच दुखते. म्हणजे काका सहा दिवस बायकोचं हाड फोडत होते. ते फुटलं नाही हे नशीब.

आता ‘जितकं दुखेल तितका गुण’. माझा खरा राग या वाक्यावर आहे, कारण यामुळे माणूस थांबायच्या वेळी थांबत नाही. फ्रोजन शोल्डरमध्ये बिघाड स्नायूत नसतो. सांध्याभोवती जी पिशवी असते ती आधी सुजते, मग जाड होऊन आवळत जाते. ती स्नायूंच्या खाली, खोल असते. वरून अंगठा कितीही रोवला तरी ती सैल होत नाही. ओळखायची एक साधी खूण आहे. कोपर कमरेला टेकवून हात बाहेरच्या बाजूला वळवून बघा. स्वतःला वळवता येत नाही, आणि दुसऱ्याने हलक्या हाताने वळवला तरी वळत नाही, तर पिशवी आवळल्याचा संशय घ्यावा. दुसऱ्याने उचलला की हात वर जातो, पण स्वतःला उचलता येत नाही, तर स्नायूबंध फाटलेला असू शकतो. दोन्ही दुखणी वेगळी, दोन्हींचे उपचार वेगळे. मेसेजमध्ये मात्र अंगठा एकच.

नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 2004 साली 77 फ्रोजन शोल्डरच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला वेदनेच्या पलीकडे जाऊन व्यायाम, ताण देणं, हाताने सांधा हलवणं असे उपचार दिले. दुसऱ्या गटाला आजार नीट समजावून सांगितला आणि दुखणार नाही इतपतच हालचाल करा म्हणून सांगितलं. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातल्या 89 टक्के लोकांचा खांदा जवळपास पूर्ववत झाला होता. रेटून उपचार घेतलेल्यांत हा आकडा 63 टक्के होता. अभ्यास छोटा आहे आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, हे मान्य. पण तज्ज्ञ हातांनी रेटूनही हा निकाल असेल तर काकांच्या अंगठ्याकडून काय अपेक्षा करायची?

आणि सात दिवस? फ्रोजन शोल्डर हे नाव 1934 साली कॉडमन या अमेरिकन सर्जनने दिलं. याची व्याख्या करणं अवघड, उपचार अवघड, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. हा आजार एक ते तीन वर्षं रेंगाळतो. मधुमेहींमध्ये इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो आणि जास्त चिवटही असतो. मावशीची साखर शेवटची कधी तपासली होती, हे त्या घरात कुणालाच आठवेना. गाठीची जागा मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

लॅक्टिक ॲसिडचं म्हणाल तर व्यायामानंतर ते साधारण तासाभरात आपोआप कमी होतं. चार महिने खांद्यात साचून राहायला ते काय माळ्यावरचं सामान आहे? उलट कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठात 2010 साली दिसलं की व्यायामानंतर लगेच केलेल्या मालीशमुळे स्नायूतला रक्तप्रवाह दबतो आणि ते निघून जाणं मंदावतं.

‘डावा खांदा असो’ हे लिहिणाऱ्याला तर खरंच हात जोडावेत. चालताना, जिना चढताना डावा खांदा किंवा हात भरून येतो, सोबत घाम, धाप, जबड्यात कळ असेल, तर दुखणं हृदयाचं असू शकतं, तेल बाजूला ठेवा आणि तडक हॉस्पिटल गाठा. पित्ताशयाचं दुखणंही उजव्या खांद्यात जाणवू शकतं.

एवढं बोलून झाल्यावर कबूल करते, मालीशने बरं वाटतं. मलाही वाटतं. दिवसभर मान खाली घालून काम केलं की मानेपासून खांद्यापर्यंतचे स्नायू आखडतात. त्यावर हलक्या हाताने चोळलं की काही तास आराम मिळतो, झोप बरी लागते. दुखण्याचा जोर ओसरला की हातही जरा मोकळेपणाने हलवता येतो. तेवढ्यासाठी जरूर करा. कण्हायला लागेल इतकं दाबायचं नाही, मुका मार लागला असेल किंवा सूज असेल तिथे नाही, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून.

मावशीला अस्थिरोगतज्ज्ञांकडे नेलं. फ्रोजन शोल्डरच निघाला. सांध्यात इंजेक्शन घ्यायचं ठरलंय, पण त्याने काही दिवस साखर वाढते म्हणून आधी तिची तपासणी. तोवर शेक आणि दुखणार नाही इतपत हात झुलवणं. डाग आता पिवळा पडायला लागलाय. हात अजून वेणीपर्यंत पोचत नाही, वेणी काका घालतात.