ग्रेसचं गद्य आणि माझी चिडचिड

ग्रेसच्या कवितेला दुर्बोध म्हणायची आपल्याकडे फार जुनी सवय आहे, पण खरं सांगू का, मी अडकते ती कवितेत नाही, गद्यात. 'वाऱ्याने हलते रान' परत वाचायला घेतलंय, २०११ चं साहित्य अकादमी मिळालं ते. (आयुष्यभर कवी म्हणून गाजलेल्या माणसाला अकादमी मिळाली ती ललितलेखांना, ही पण गंमतच.)

कवितेत कसं, अर्थ निसटला तरी लय असते, यमक असतं, ते आपल्याला पुढे नेतं. 'ती गेली तेव्हा रिमझिम' हृदयनाथांच्या आवाजात ऐकताना 'ती' नेमकी कोण हे निम्म्या लोकांना माहीत नसतं आणि कुणाचं काही अडतही नाही. गद्यात चाल नाही, यमक नाही, मग एका वाक्यातून दुसऱ्यात उडी मारायची ती कशाच्या भरवशावर? दादरला सुरू केलेला परिच्छेद ठाणं आलं तरी संपत नाही, तीन वेळा मागे जाऊन वाचते, आणि मग अचानक एक वाक्य असं येतं की बास, पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसायचं. त्या एका वाक्यासाठी आधीची दोन पानं सोसायची का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' पण काव्यमयच की. १९५६ चं पुस्तक, आजही ताजं. पण तिथे एकेका मराठी महिन्यावर लेख आहे, झाडाला नाव आहे, पालवीला रंग आहे. भाषा कितीही वर गेली तरी आपण चैत्रात आहोत की श्रावणात हे कळतं. मला बहुतेक एवढंच हवं असतं, फार मागणं नाही हो.

आणि हल्ली फेसबुकवर जे चालतं ना, 'तू. मी. पाऊस...' आणि खाली कॉफीच्या मगाचा फोटो, त्याला कृपा करून ग्रेसच्या रांगेत बसवू नका. ग्रेसचं वाक्य कळलं नाही तरी त्यामागे प्रचंड वाचन आणि स्वतःचं काहीतरी जळालेलं आहे हे जाणवतं. इथे टिंबं काढली की मागे काहीच उरत नाही. वर कमेंटमध्ये 'निःशब्द'.

असो. ग्रेसचंच 'मितवा' कुणाकडे आहे का? महिनाभरासाठी हवंय. हो, एवढी कुरकुर करून पण हवंय.