एन.आय.व्ही. बायबलमधून वचनं ‘काढून टाकली’ हा मेसेज खोटा आहे

‘सावधान! एन.आय.व्ही. बायबलमधून ४५ वचनं आणि ६४,५७५ शब्द काढून टाकलेत. सैतानाचं बायबल छापणाऱ्या हार्पर कॉलिन्सचा हा डाव आहे. ॲप काढून टाका, फक्त किंग जेम्स वाचा.’ वर्षानुवर्षं फिरणारा हा मेसेज आता आमच्या आत्याला कुणीतरी पाठवला आणि तिनं रोजचं वाचनच थांबवलं. म्हणून लिहावं लागतंय. (एन.आय.व्ही. म्हणजे न्यू इंटरनॅशनल व्हर्शन, बायबलचं आजच्या इंग्रजीतलं भाषांतर; किंग जेम्स हे १६११चं जुनं इंग्रजी भाषांतर.)

पुरावा म्हणून मत्तय १७:२१, १८:११, योहान ५:४, प्रेषितांची कृत्ये ८:३७ हे संदर्भ दिलेत. उघडलं की २० नंतर थेट २२ दिसतं आणि माणूस घाबरतो. पण काही हस्तलिखितांत इथे आणखी मजकूर आहे, हे सांगणारी तळटीप तिथेच आहे. ॲपमध्ये ती आपोआप दिसत नाही, वचनाला जोडलेल्या छोट्या चिन्हावर बोट ठेवावं लागतं. लपवायचंच असतं तर पुढची वचनं नव्यानं मोजून टाकली असती की!

नव्या कराराचे हे वचनक्रमांक १५५१ साली रोबेर एतिएन या मुद्रकानं घातले, तेव्हाच्या छापील ग्रीक संहितेवर. तिचा पाया इरास्मस या विद्वानाची १५१६ची आवृत्ती, आणि त्याच्यापाशी होती मोजकी, बरीच उशिराची हस्तलिखितं. प्रकटीकरणाचं तर एकच, तेही शेवटचं पान गहाळ असलेलं. तेवढी वचनं त्यानं लॅटिनवरून ग्रीकमध्ये केली. चौथ्या शतकातली सिनाय आणि व्हॅटिकन हस्तलिखितं अभ्यासकांना नीट तपासायला मिळाली १९व्या शतकात. वरची चारही वचनं त्यांच्या मूळ मजकुरात नाहीत.

मग ती आली कुठून? नक्कल करणाऱ्याला दुसऱ्या शुभवर्तमानातली ओळ पाठ असते, ती हातून उतरते. कधी समासातली टीप पुढच्या नकलेत मजकुरात शिरते. मत्तय १८:११ जवळपास जसंच्या तसं लूक १९:१० मध्ये आहे. मार्क ९:४४ आणि ४६ म्हणजे ९:४८च. कृत्ये ८:३७ इरास्मसला एका हस्तलिखिताच्या समासात सापडलं आणि त्यानं ते मजकुरात घेतलं.

आणि ज्या किंग जेम्सचा एवढा दाखला देता, तिच्याच १६११च्या पहिल्या आवृत्तीत लूक १७:३६ शेजारी समासात छापलंय की हे वचन बहुतेक ग्रीक प्रतींमध्ये नाही. चारशे वर्षांपूर्वीचे भाषांतरकार हे उघडपणे सांगत होते.

४५ हा आकडाही चूक. एन.आय.व्ही.च्या नव्या करारात अशी पूर्ण वचनं १६ आहेत. शब्दांच्या मोजणीला तर अर्थच नाही. आजच्या इंग्रजीत तेच वाक्य कमी शब्दांत बसतं.

प्रकाशकाचं म्हणणं अर्धं खरं आहे. एन.आय.व्ही. छापणारी झोन्डरव्हन १९८८ पासून हार्पर कॉलिन्सची, आणि मेसेजमधलं ‘सैतानाचं बायबल’ छापणारी ॲव्हनही १९९९ पासून त्यांचीच. पण किंग जेम्स छापणारी थॉमस नेल्सनसुद्धा २०१२ पासून त्यांचीच आहे. मग तीही टाकणार का?

एक मान्य करावं लागेल: मार्क ९:२९ मध्ये ‘प्रार्थना’ राहते आणि ‘उपास’ तळटिपेत जातो. उपासाबद्दल शिकवायचं असेल तर मत्तय ६:१६-१८ घ्या. ते सगळ्या भाषांतरांत आहे. बाप्तिस्म्याच्या तयारीत कृत्ये ८:३७ वापरत असाल तर रोमकरांस १०:९ घ्या. येशू प्रभू आहे हे तोंडानं कबूल करणं आणि अंतःकरणात विश्वास ठेवणं, दोन्ही तिथे आहे.